भिंतीवरील परवाना

उपाहारगृहांत शिरतांच दरपत्रकाकडे आपली दृष्टि जाते. शेजारीं टांगलेला परवाना मात्र कोणी वाचीत नाहीं. त्यावर चौदा अंकी क्रमांक असतो. आपल्या देशांत अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालीं संमत झाला व त्याखालील परवान्याचे नियम २०११ पासून लागू झाले. हा कागद मिळाला म्हणजे मालक सुटला, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः त्याचें कर्तव्य तेथूनच सुरू होतें.

नियमांच्या चौथ्या अनुसूचींत हीं कर्तव्यें दिलीं आहेत. पाणी पिण्यायोग्य असावें, कच्चें व शिजलेलें अन्न निराळें ठेवावें, अन्न हाताळणाऱ्या नोकरांची वर्षांतून एकदां वैद्यकीय तपासणी व्हावी, इत्यादि. ह्यांतील कित्येक गोष्टी आमच्या माताभगिनी कायद्यावांचूनच पाळीत आल्या आहेत! परंतु कांहीं नियमांचें मर्म चटकन् ध्यानांत येत नाहीं.

शिजलेलें अन्न एक तर चांगलें गरम किंवा चांगलें थंड ठेवावें, कोमट राहूं देऊं नये, असा एक नियम आहे. कोणी म्हणेल, पुन्हां उकळलें म्हणजे झालें. तसें नाहीं. तांदुळांत 'बॅसिलस सीरियस' नांवाच्या जंतूचे बीजाणु असूं शकतात. ते भात शिजल्यावरहि जिवंत राहतात. भात तासन् तास कोमट राहिला कीं त्यांतून जंतु वाढतात व वांती करविणारें विष तयार करितात. पुन्हां तापविल्यानें जंतु मरतील, पण तें विष नाहींसें होत नाहीं.

कीटकनाशकें अन्नापासून दूर, वर नांवाची चिठ्ठी लावून ठेवावीं, हा दुसरा नियम. हें काय सांगावयास हवें, असें वाटेल. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारमधील सारण जिल्ह्यांत, गंडामन गांवच्या प्राथमिक शाळेंत, दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मृत्यु पावलीं. त्या अन्नांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक आढळलें. चुलीच्या आंचेनें तें नष्ट झालें नव्हतें.

म्हणून वाढलेल्या ताटाची परीक्षा पुरत नाहीं. माल कोठून आला, कोठें ठेवला, केव्हां शिजला, हें पायरीपायरीनें पाहून लिहून ठेवावें लागतें, आणि ती नोंद निदान एक वर्ष जपावी लागते. एखादें मूल आजारी पडलें, तर कोणत्या दिवशींचा कोणता माल दोषी, हें त्या वहींतूनच कळावयाचें. पालकांनीं उपाहारगृहाच्या चालकापाशीं ही वही पाहावयास मागितली, तर त्यास राग येण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.