रक्त थांबलं तरी दार उघडू नका

सकाळी 6

भादवा लागला की माझा फोन दूधवाल्याच्याही आधी वाजतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी जनावरांची डॉक्टर म्हणून फिरते. एरवी गायी-म्हशी पुढे आणि कुत्री मागे, असा कामाचा क्रम. पावसाळा सरत आला की तो बिघडतो. गावातल्या मोकाट कुत्र्यांचा जुगण्याचा मोठा हंगाम हाच. घरात पाळलेली मादी वर्षात कधीही माजावर येऊ शकते; पण ती या दिवसांत आली, तर दाराबाहेर अख्खी आळी जमते.

आजचा पहिला फोन घोडनदीच्या पेठेतून. "मॅडम, राणीच्या लघवीतनं रक्त पडतंय. आत काही लागलं असेल का?"

वय विचारलं. लॅब्रॅडॉर, दहा महिन्यांची. जेवते का? जेवते. अंग गरम? नाही. मागच्या बाजूला सूज? पलीकडे जरा शांतता, मग हळूच, "हो, आहे खरी." सारखी चाटते, फिरायला नेलं की चार पावलांवर लघवी करते. पहिला माज. लघवीच्या वासातून ती आपला निरोप गल्लीभर लावत असते.

तरीही "घेऊन या" म्हणते. आपल्याकडे गोचिडं फार. गोचीड तापातही लघवी लाल, कधी कॉफीसारखी काळपट होते. मात्र त्या कुत्र्याला ताप असतो, ते खात नाही आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. माजावरची कुत्री खाऊनपिऊन टुकटुकीत असते, आणि रक्त लघवीतून नाही, योनीतून येतं. फोनवरून हा फरक ओळखायचा धोका मी घेत नाही.

सकाळी 7:30

दवाखाना उघडण्याआधी गोठे. एका गोठ्यात कालवड काचेसारखा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, टाकत उभी होती. मालकाला काही सांगावं लागत नाही. सकाळी माज दिसला की संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी. हे गणित इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. गाय एकवीस दिवसांनी उलटते, माज बारा-अठरा तास टिकतो. नंतर एक-दोन दिवसांनी शेपटीला रक्त लागलेलं दिसलं, तर शेतकरी म्हणतो, वेळ गेली, आता पुढच्या खेपेला.

गोठ्यातलं हे बिनचूक ज्ञान कुत्रीला लावलं की फसतं. गायीला रक्त दिसतं ते माज सरल्यावर. बाईची पाळी येते तीही बीज वाया गेल्यावर. कुत्रीचं उलटं आहे: रक्त आधी, बीज नंतर. तिचं रक्त म्हणजे शेवट नव्हे, पूर्वतयारी. दोन्ही तालुक्यांत मी दिवसभर जी समजूत घालत फिरते, ती एवढ्या एका गोष्टीची.

सकाळी 9:30

राणी आली. सोबत मालक, मालकीण आणि शाळा बुडवलेला मुलगा. तिघांचे चेहरे घरातलं माणूस अत्यवस्थ असल्यासारखे, आणि राणी शेपूट हलवत टेबलाखालचा कचरा हुंगतेय.

निरण, म्हणजे योनीचं बाहेरचं तोंड, चांगलंच सुजलेलं, हाताला घट्ट. पांढरा कापूस टेकवला, गडद लाल डाग आला. मग खारट पाण्यात भिजवलेला कापसाचा बारीक बोळा आत फिरवून काचपट्टीवर लावला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. माजाच्या सुरुवातीला पेशी गोल असतात, मधलं केंद्रक ठसठशीत दिसतं, भोवती तांबड्या पेशींची गर्दी. दिवस पुढे सरकतील तशा त्या चपट्या, कोनदार होतात, केंद्रक पुसट होत जातं. पुरता माज आला की पट्टीभर नुसते चुरलेल्या पापडाचे तुकडे. राणीच्या पट्टीवर अजून गोल पेशी बऱ्याच होत्या. म्हणजे सुरुवात.

मुलाच्या वहीच्या पानावर लिहून दिलं. पहिला टप्पा साधारण नऊ दिवसांचा. तीनवरही आटोपतो, सतरापर्यंतही लांबतो. रक्त पडतं, नर मागे लागतात, ही मात्र गुरगुरून हाकलते किंवा खाली बसते. दुसरा टप्पाही साधारण नऊ दिवसांचा, कधी तीन आठवड्यांपर्यंत. रक्त फिकट गुलाबी किंवा पिवळसर पाण्यासारखं होतं, सूज मऊ पडते आणि पाठीवर हात ठेवला की शेपूट एका अंगाला जाते. गाभण राहण्याचे दिवस हे.

कुत्रीचं बीज बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं, पिकायला आणखी दोन-तीन दिवस घेतं. नराचे शुक्राणू तिच्या पोटात आठवडाभर तग धरू शकतात. त्यामुळे "एकदाच झालं, तेही लवकर झालं" याला काही अर्थ नाही.

"मग किती दिवस बांधायची?" मालकांनी विचारलं.

"पहिला थेंब दिसला त्या तारखेपासून चार आठवडे. बांधायची नाही, बंद दाराआड ठेवायची. फिरवायला नेलीत तर पट्टा हातात, आणि तोही मोठ्या माणसाच्या."

सकाळी 11:30

न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस. भीमा ओलांडली की पारगाव, इथून पुढे गुऱ्हाळांचा पट्टा. एका गुऱ्हाळावर गाईसाठी थांबले, तर अंगणात गर्दी. तिथली राखणीची कुत्री आणि गावातला तांबडा कुत्रा पाठीला पाठ लावून अडकलेले. एक पोरगा दगड उचलतोय, एकजण पाण्याची बादली घेऊन आलाय.

बादली खाली ठेवायला लावली. नराच्या लिंगाच्या मुळाशी गाठ असते, ती आत फुगते आणि योनीचे स्नायू तिला आवळून धरतात. पाच मिनिटं लागतील, अर्धा-पाऊण तासही लागेल. सूज उतरली की आपोआप सुटतात. ओढून काढायला गेलात, तर दोघांनाही आत इजा होते. आणि सोडवून उपयोगही नसतो, काम आधीच झालेलं असतं.

सुटल्यावर मालक बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, एक इंजेक्शन टाका, मोकळी होईल."

ते इंजेक्शन मी देत नाही. पूर्वी सर्रास वापरलं जाणारं इस्ट्रोजेन गर्भाशयात पू करू शकतं, आणि हाडांतल्या मगजावर परिणाम झाला तर रक्त तयार होणंच मंदावतं. कुत्री जेमतेम वर्षाची, पहिलाच माज, अंगाची वाढ अजून चालू. मी दोन वाटा सांगितल्या. पिल्लं नको असतील, तर माज उतरल्यावर लवकर ऑपरेशन करून गर्भाशय काढू. हवी असतील, तर महिन्याने सोनोग्राफी करून बघू, खुराक वाढवू आणि साधारण त्रेसष्टाव्या दिवसाची तयारी ठेवू. तोवर तिला आत घ्या, कारण माज अजून चालू आहे. उद्या दुसरा नर आला, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात.

दुपारी 1:30

चौफुल्याला डबा उघडला. तेवढ्यात वरवंडहून फोन. मेडिकलवाल्याने माज येऊच नये म्हणून एक इंजेक्शन सुचवलंय, देऊ का? नको. ही प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकं माज पुढे ढकलतात खरी, पण गर्भाशयाचं अस्तर जाड करतात आणि तिथे पू धरायला जागा होते. चालू माजात दिली तर धोका आणखी वाढतो. घरातल्या फरशीवरचे डाग टाळायला कुत्रीचं गर्भाशय पणाला लावू नये. जुन्या चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडा, आत कापड ठेवा, दिवसातून तीन-चारदा बदला. मात्र ही चड्डी डागांसाठी आहे. नराला ती अडवत नाही.

दुपारी 3:30

दौंड. स्टेशनमागच्या वस्तीत एका घरी गणपती बसलेले, उद्या गौरी यायच्या. पामेरियन मादी मागच्या अंगणात खांबाला बांधलेली. गेटबाहेर चार कुत्रे, पाचवा कंपाउंडवरून उडी मारायच्या बेतात.

"बाई, तिची पाळी चाललीय. गौरी घरात असताना आत कशी घेऊ?" आजींनी विचारलं.

सणाच्या घरात मी वाद घालत नाही. म्हटलं, "आजी, ही पाळी नव्हे. गाय माजावर येते, तशी ही माजावर आलीय. गाईला आपण कधी बाजूला बसवतो का?"

आजी जरा हसल्या, पण पटलं नव्हतं. मग सुनेने तोड काढली: माडीवरची खोली. पाणी, गोणपाट, दाराला कडी. देवघर खाली, कुत्री वर. आजींचं सोवळं राहिलं, माझंही काम झालं. तीन दिवस या अंगणात राहिली असती, तर कार्तिकात पिल्लं मोजावी लागली असती. पामेरियनसारख्या लहान चणीच्या मादीला मोठा गावठी नर लागला, तर बाळंतपण अडण्याची भीती वेगळीच.

जाताना सुनेला दाराशी सांगितलं. माज उतरल्यावर दीड-दोन महिन्यांनी ही चिंध्या गोळा करून जागा करेल, चपला उराशी धरून बसेल, सडांना दूधही येईल. नर लागलेला नसेल, तर तो खोटा गर्भ. सड चोळू नका, पिळू नका, दूध वाढतं. बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं.

संध्याकाळी 5

कुरकुंभच्या बाजूने एक नऊ वर्षांची मादी गाडीत घालून आणली. आषाढात माज होऊन गेलेला. चार दिवसांपासून भांडीच्या भांडी पाणी पिते, अन्न उलटून टाकते, मागून घाण वासाचा स्राव. सोनोग्राफीत गर्भाशयाची दोन्ही शिंगं पुवाने फुगलेली. हे सकाळवर टाकता येत नाही. सलाइन लावलं आणि दौंडमधल्या सहकाऱ्याबरोबर लगेच ऑपरेशनला घेतली. हिचा स्राव निदान बाहेर येत होता. गर्भाशयाचं तोंड बंद असेल, तर बाहेर काहीच दिसत नाही आणि कुत्री बघता बघता जाते.

पहिल्या माजाला हे संकट दूरचं वाटतं. पण कुत्रीचा माज वयाने थांबत नाही. दर सहा-सात महिन्यांनी तो येत राहतो आणि प्रत्येक वेळी, पिल्लं असोत वा नसोत, दोन महिने गर्भाशय संप्रेरकांच्या अमलाखाली राहतं. पिल्लं नको असतील, तर ऑपरेशन हा साधा उपाय. लहान-मध्यम चणीच्या मादीचं पहिल्या माजाआधी करता येतं. मोठ्या जातीत हाडं भरू देऊन करणं बरं. माज येऊन गेला असेल आणि नर लागलेला नसेल, तर दोन-तीन महिने थांबायचं. स्तनांच्या गाठींबद्दल 1969 च्या एका अमेरिकी अभ्यासाचे आकडे अजून सांगितले जातात: ऑपरेशन न झालेल्या मादीच्या तुलनेत, पहिल्या माजाआधी ऑपरेशन केल्यास धोका 0.5 टक्के, पहिल्यानंतर 8, दुसऱ्यानंतर 26. हा पुरावा किती भक्कम, यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. गर्भाशयातल्या पुवाबद्दल मात्र शंकेला जागा नाही. गर्भाशयच काढलं, तर पू होणार कुठे?

संध्याकाळी 7:30

परतीच्या वाटेवर एका गावच्या वेशीत आठ-दहा कुत्र्यांचं भांडण. मध्ये एक मरतुकडी मादी, अंगावर जुनी पिल्लं पिऊन लोंबलेले सड. या दिवसांत नर एकमेकांना फाडतात, आणि मध्ये येणाऱ्या पोरासोरांनाही चावतात. चावा झाला की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. या कुत्र्यांत जुगताना पसरणाऱ्या गाठीही असतात. पाळीव मादी एकदा निसटली, तर पिल्लांबरोबर हेही घरात येतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. ग्रामसभेत रस्त्यांसोबत हाही विषय लेखी मांडायला हवा.

रात्री 9

टाकळी हाजीकडून फोन. "कुत्री माजावर आलीय, रात्री उसाकडेच्या शेडात बांधू ना? घरापाशी कुत्री लई भुंकतात."

त्या पट्ट्यात हे बिबट्याला आवतण आहे. अकोले खोऱ्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला. साखळीला बांधलेल्या मादीला पळताही येत नाही. चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेला पिंजरा, नाहीतर घरातली खोली. तिसरी सोय नाही.

रात्री 10:15

शेवटचा फोन न्हावऱ्याचा. "मॅडम, बारा दिवस झाले, रक्त थांबलं. उद्यापासून सोडू का?"

नाही. सर्वांत जास्त माद्या गाभण राहतात त्या याच आनंदात.

ज्यांच्या घरी सहा महिन्यांपुढची मादी आहे, त्यांनी एवढं करावं. पहिला थेंब दिसला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल काढावा आणि तिथून चार आठवडे दार बंद ठेवावं. माज उतरला की पुढचे दोन महिने ती किती पाणी पिते, यावर नजर ठेवावी. पिल्लं हवीत की नकोत, याचा निर्णय पुढच्या माजाआधी घ्यावा. तो आपण घेतला नाही, तर गल्लीतला कुत्रा घेतो.