विद्यार्थ्याचीं टिपणें आणि जुना ऑर्गनायझर

लेखनसाहित्याची निवड ही आपल्याकडे कधींच क्षुल्लक बाब मानली गेलेली नाहीं. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आहे. तीच चिंता आज निराळ्या रूपानें घरोघरीं उभी राहिली आहे. मुलें महाविद्यालयांत जाऊं लागलीं कीं त्यांनीं टिपणें कशावर घ्यावीं, असा प्रश्न पडतो. मोबाइल हातीं द्यावा, तर टिपणाबरोबर सारें जगच हातीं दिल्यासारखें होतें. लॅपटॉप घ्यावा, तर एकत्र कुटुंबांत एकास घेऊन भागत नाहीं. अशा वेळीं कोणी सुचवितो कीं, पूर्वीं मिळत असे तसला एखादा ऑर्गनायझर जुन्या बाजारांतून स्वस्तांत घ्यावा. त्यावर ना फोन येतो, ना चित्रपट दिसतो. ही सूचना वाटते तितकी वेडगळ नाहीं. परंतु पैसे मोजण्यापूर्वीं चार गोष्टी समजून घेणें अवश्य आहे. कारण येथें नुसत्या पैशांचा नव्हे, तर मुलाच्या सबंध वर्षाच्या अभ्यासाचा प्रश्न आहे.

प्रथम या वस्तूची कुळकथा. इंग्लंडांतील सायन कंपनीनें १९८४ सालीं आपला पहिला ‘ऑर्गनायझर’ काढला. पुढें १९९० नंतरच्या दशकांत कॅसिओची ‘डिजिटल डायरी’ आपल्याकडेही पुष्कळांच्या खिशांत दिसूं लागली. १९९६ सालीं अमेरिकेंत ‘पायलट’ नांवाचें यंत्र निघालें व तेंच पुढें ‘पाम’ या नांवानें जगभर गाजलें. त्याचा कल्पक जेफ हॉकिन्स यानें यंत्र तयार होण्यापूर्वीं तेवढ्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशांत वागवून पाहिला होता. या लहानशा गोष्टींतच त्या यंत्राचें मर्म आहे. भेटीच्या वेळा, पत्ते, दूरध्वनीचे आंकडे व कामांची यादी हीं खिशांतून काढून चटकन् पाहतां यावींत, एवढ्यासाठीं तें निर्माण झालें. तासभर चालणारें व्याख्यान टिपून घेणें हें त्याचें मूळचें कामच नव्हे. एच. पी. कंपनीनें २०१० सालीं पाम विकत घेतली व दुसऱ्याच वर्षीं तिचीं यंत्रें बंद केलीं. तेव्हां आज मिळणारें प्रत्येक पाम हें वापरलेलें, आणि ज्याच्या पाठीशीं कोणी निर्माता उरला नाहीं असेंच असणार.

पामवर लिहावयाचें तें ‘ग्राफिटी’ नांवाच्या खास वळणानें. प्रत्येक रोमन अक्षर बहुधा एकाच फटकाऱ्यांत काढावयाचें. उदाहरणार्थ, इंग्रजी ‘ए’ची आडवी रेघ गाळून उरलेलें शिखर तेवढें काढलें कीं अक्षर झालें. हें वळण थोड्या सरावानें येतें, परंतु प्राध्यापकांच्या बोलण्याबरोबर धांवण्याइतका वेग त्याला बहुतेकांच्या हातून येत नाहीं. शिवाय जुन्या पामवरील एका टिपणांत सुमारें चार हजार अक्षरेंच मावतात. सबब व्याख्यान टिपण्यास पाम घेऊं नये. वेळापत्रक, परीक्षेच्या तारखा, शब्दार्थ व सूत्रांचीं लहान टिपणें यांस मात्र तें उत्तम आहे. आगगाडीच्या प्रवासांत उजळणी करणाऱ्या मुलीला, किंवा चूल सांभाळून बी. एड्.चा अभ्यास करणाऱ्या सुनेला, त्याचा खरा उपयोग आहे.

भराभर टिपावयाचें असेल तर कळफलकाचें यंत्र पाहावें. सायनचें १९९७ सालचें ‘सीरीज फाइव्ह’ आकारानें लहान असूनही त्याचा कळफलक लिहिण्यास सुखकर आहे आणि तें पेन्सिलीच्या जाडीच्या दोन साध्या सेलांवर चालतें. त्याचा पडदा मात्र आंतील पट्टी तुटून अंध होतो, अशी त्याची ख्याति आहे. दुसरें ‘अल्फास्मार्ट निओ’. हें २००४ सालीं मुख्यतः अमेरिकन शाळांसाठीं निघालें व २०१३ पर्यंत विकलें जात होतें. तें खिशांत मावत नाहीं, दप्तरांत ठेवावें लागतें. पडद्यावर मोजक्या ओळी दिसतात. परंतु तीन साध्या सेलांवर तें सुमारें सातशें तास चालतें, असें निर्मात्यांचें म्हणणें होतें. आणि तारेनें संगणकास जोडलें असतां, जणूं कोणी टंकलेखकच बसला आहे अशा रीतीनें तें आपल्यांतील मजकूर अक्षर अक्षर करून संगणकावर उमटवितें. हें यंत्र बहुधा अमेरिकेंतील एखाद्या आप्ताकरवीं मागवावें लागेल. त्यांत वाहतूक व जकात धरून हिशेब करावा. नाहीं तर सोन्याहून घडणावळ जड व्हावयाची.

आतां खरेदीच्या वेळीं काय पाहावें तें सांगतों. पहिली गोष्ट विजेची. बाजारांत कोठेंही मिळणारे सेल ज्यांत बसतात तेंच यंत्र पसंत करावें. पामचीं १९९८ चें ‘थ्री’ व २००० चें ‘एम हंड्रेड’ हीं त्या जातीचीं. उलट ‘पाम फाइव्ह’ किंवा ‘टंग्स्टन’ यांच्या पोटांत कायमची बॅटरी असते व इतक्या वर्षांनीं तिचा भरंवसा धरतां येत नाहीं. सेलांचें झांकण उघडून आंत पांढरा-हिरवा थर दिसला, तर किंमत कितीही उतरली तरी तें यंत्र ठेवून परत फिरावें.

दुसरी गोष्ट स्मरणाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. जुन्या पामांत मजकूर राहतो तो विजेच्या जोरावर. सेल पूर्ण उतरले कीं सारा मजकूर पुसला जातो. सेल बदलण्यासही थोडाच वेळ मिळतो. २००५ सालच्या ‘टंग्स्टन ई-टू’ व ‘टी-एक्स’ यांत ही उणीव दूर झाली, पण त्यांची बॅटरी कायमची. परीक्षेच्या तोंडावर सहा महिन्यांचीं टिपणें गेलीं, तर तीं कोणी भरून देणार नाहीं.

तिसरी गोष्ट मजकूर बाहेर काढण्याची. कित्येक जुनीं यंत्रें ज्या सीरियल तारेनें जोडलीं जात, ती जोडण्याची जागाच आजच्या संगणकांत नसते. आणि पामच्या मूळ कार्यक्रमाचा यू. एस. बी. मार्ग ६४ बिटांच्या विंडोजसाठीं कंपनीनें कधीं करून दिला नाहीं. म्हणून विकणाऱ्यास दुकानांतच एक ओळ लिहून ती संगणकावर उतरवून दाखविण्यास सांगावें. तें न जमल्यास व्यवहार करूं नये.

चौथी गोष्ट पडद्याची. चारही कोपऱ्यांवर लेखणी टेकून खूण तेथेंच उमटते कीं सरकते, तें पाहावें. लिहिण्याची चौकट घांसून खरबरीत झाली असेल तर अक्षरें चुकतात. पांचवी गोष्ट सभ्यतेची. पूर्वमालकाचे पत्ते व खाजगी नोंदी आंत राहिल्या असतील, तर त्या न वाचतां प्रथम पुसून टाकाव्या. परक्याचें पत्र उघडूं नये हा आपल्या घरांतला संस्कार येथेंही लागू आहे.

एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे. या यंत्रांना मूळची देवनागरी येत नाहीं. मराठी, संस्कृत किंवा इतिहास मराठींतून शिकणाऱ्यास त्यांचा उपयोग नाहीं. आणि गणिताचीं समीकरणें व शास्त्राच्या आकृति यांपुढें इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थीही अडतो. भारतीय भाषांचा विचार करून बंगळूर येथें घडविलेला ‘सिंप्यूटर’ २००४ सालीं बाजारांत आला, पण तो फारसा खपला नाहीं. मराठी टिपणें यंत्रावरच हवीं असतील, तर घरांतील जुना मोबाइल सिमकार्ड काढून व नको ते कार्यक्रम पुसून द्यावा, हें अधिक शहाणपणाचें.

उरला हाताच्या लेखनाचा प्रश्न. म्युलर व ओपेनहायमर या अमेरिकन संशोधकांनीं २०१४ सालीं असें दाखविलें कीं, यंत्रावर टिपणारे विद्यार्थी ऐकलेलें जसेंच्या तसें उतरवितात, आणि विचार करून उत्तर देण्याच्या प्रश्नांत हातानें लिहिणारे सरस ठरतात. २०२१ सालीं तोच प्रयोग दुसऱ्यांनीं केला, तेव्हां शब्दशः उतरविण्याची संवय पुन्हां दिसली. हातानें लिहिणारांची सरशी मात्र दिसली नाहीं. म्हणून त्यावरून एकदम निकाल देणें योग्य नव्हे. पण आपल्या विद्यापीठांच्या बहुतेक परीक्षा अजून हातानेंच लिहावयाच्या असतात, आणि वर्षभर कळा दाबणाऱ्या बोटांस ऐन वेळीं पानेंच्या पानें लिहिणें जड जातें. ही व्यवहाराची गोष्ट समजण्यास संशोधनाची गरज नाहीं.

आमचें मत एवढेंच कीं, वर्गांत वही आणि लेखणी हींच मुख्य असावीं. इंग्रजींतून शिकणाऱ्या, भराभर टंकलेखन येणाऱ्या व मोबाइलनें चित्त विचलित होणाऱ्या विद्यार्थ्यास निओसारखें यंत्र जरूर घेऊन द्यावें. उजळणीसाठीं साध्या सेलांचें पाम पुरे. ज्या दिवशीं टिपण घेतलें त्याच रात्रीं तें संगणकावर उतरवावें व त्याची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी, हा नियम मात्र वडील मंडळींनीं पहिल्या दिवसापासून लावून द्यावा. तो पाळण्याची तयारी नसेल, तर त्याच पैशांत चांगल्या जाड कागदाच्या वह्या घ्याव्यात.