किक बसते, ताकद येते का?

लेखमाला : शरीर आणि बाजार – लेखांक ६

संध्याकाळी सातच्या सुमारास जिमच्या चेंजिंग रूममध्ये शेकर हलवल्याचा खळखळाट सुरू होतो. निळं, लाल, कधी पोपटी रंगाचं आंबटगोड पाणी दोन घोटांत संपतं. पंधरा-वीस मिनिटांनी गालांना आणि कानांच्या पाळ्यांना मुंग्या येऊ लागतात. ‘बसली किक’ म्हणत मुलं वजनांकडे वळतात. काही महिन्यांनी त्याच मुलांच्या तोंडी दुसरं वाक्य येतं, ‘हल्ली एका स्कूपनं काही होत नाही.’ या दोन वाक्यांच्या मधे काय घडतं, ते आज पाहू.

मागच्या लेखांकात आपण प्रोटीन पावडरचा विचार केला. ती निदान अन्नाच्या जातीची वस्तू आहे. दूध, डाळ, अंडं यांतून मिळतं तेच तिच्यातून मिळतं. शेकरमधलं हे व्यायामाआधी घ्यायचं ‘प्री-वर्कआउट’ तिच्याच शेजारी, तशाच डब्यात विकायला ठेवलेलं असतं, म्हणून ते त्याच जातीचं वाटतं. पण त्याच्या नावावर चालणारा बहुतेक परिणाम कॅफिनचा असतो, आणि कॅफिन मज्जासंस्थेवर काम करणारं उत्तेजक आहे. त्याच्याकडे अन्न म्हणून न बघता मात्रा मोजून घ्यायची गोष्ट म्हणून बघायला हवं.

रुमाल टाकून अडवलेली जागा

आपण जागे असतो, राबत असतो, तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. पेशींवरच्या ठरावीक जागांवर ते जाऊन बसलं की थकवा जाणवतो, डोळे जड होतात. कॅफिनच्या रेणूची ठेवण त्याच्याशी मिळतीजुळती आहे. गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तसं कॅफिन या जागा आधीच अडवून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन गाडीत चढलेलं असतं, पण त्याला उभंच राहावं लागतं. थकवा शरीरात असतोच, फक्त त्याची वर्दी पोचत नाही. काही तासांनी रुमाल उचलले जाऊ लागले की ताटकळलेले प्रवासी एकदम बसतात आणि अंग गळून जातं. हे रोजचं झालं की मेंदू गाडीला जादा बाकं जोडतो. मग पूर्वीएवढे रुमाल पुरेनासे होतात. ‘एका स्कूपनं काही होत नाही’ या तक्रारीचं कारण हे आहे.

कॅफिननं व्यायामाला मदत होते, यात शंका नाही. शरीराच्या दर किलो वजनामागे ३ ते ६ मिलिग्रॅम घेतल्यास दमसास वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. काहींना २ मिलिग्रॅमही पुरतं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. एवढं तर कडक कॉफीच्या एक-दीड कपात मिळतं.

अडचण मात्रेची आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅफिन सुरक्षित मानलं. अमेरिकेत २०१९ मध्ये सर्वाधिक खपाच्या शंभर प्री-वर्कआउट उत्पादनांची लेबलं तपासली गेली, तेव्हा एका वेळच्या मात्रेत सरासरी २५४ मिलिग्रॅम कॅफिन आढळलं. पहिलाच स्कूप एका वेळची मर्यादा ओलांडतो. दोन स्कूप घेतले की दिवसाचीही मर्यादा मोडते, आणि त्यात सकाळपासून झालेले तीन-चार चहा अजून धरलेले नाहीत.

याचे परिणाम बहुतेकांना अनुभवानं माहीत असतात. छाती धडधडते, हात थरथरतात, रक्तदाब चढतो, पोटात ढवळतं, उगाच बेचैनी येते. निरोगी तरुणाला हे त्रास काही तासांत सोडून जातात. पण ज्याला रक्तदाबाचा किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा विकार आहे, आणि तो आहे हे ठाऊकच नाही, त्याच्यासाठी जड वजन आणि मोठी मात्रा यांची गाठ धोक्याची ठरू शकते. विशी-पंचविशीत रक्तदाब मोजून घेणारे आपल्याकडे कितीसे असतात?

झोपेचं नुकसान मात्र बहुतेकांना चुकत नाही, आणि ते अनेकदा जाणवतही नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेल्या ३०० मिलिग्रॅमपैकी रात्री बाराला १५० शिल्लक असतात. २०१३ च्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी दिलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननंही झोप तासाभराहून अधिक कमी झाली. स्नायूंची डागडुजी मुख्यतः विश्रांतीत होते. व्यायाम जोरात व्हावा म्हणून झोप मोडायची, दुसऱ्या दिवशी गळल्यासारखं वाटतं म्हणून दीड स्कूप घ्यायचा, आणि त्यानं पुन्हा झोप मोडायची. हे चक्र कितीतरी मुलं महिनोन् महिने फिरवत असतात.

समाजमाध्यमांवर दिसणारा कोरडी पावडर तोंडात टाकून गिळायचा प्रकार तर सपशेल टाळावा. ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि घोट घोट प्यायच्या वस्तूची सगळी मात्रा एका दमात पोटात जाते.

मुंग्यांचा अर्थ

त्या मुंग्या कॅफिनच्या नसतात. त्या बीटा-अ‍ॅलानिन या घटकामुळे येतात. ते त्वचेतल्या विशिष्ट मज्जातंतूंना चाळवतं, तासाभरात सगळं शांत होतं. अपाय काही होत नाही. पण ‘माल काम करतोय’ याची खूण म्हणून मुलं ज्या मुंग्यांकडे बघतात, त्यांचा ताकदीशी काहीही संबंध नाही. बीटा-अ‍ॅलानिनचा खरा उपयोग स्नायूंत कार्नोसिन नावाचं द्रव्य वाढवण्याचा. ते जोरकस मेहनतीत साचणारी आम्लता थोडी आवरतं. त्यासाठी रोज ३ ते ६ ग्रॅम, किमान दोन ते चार आठवडे सलग घ्यावं लागतं. थोडं थोडं विभागून घेतलं तर मुंग्या जवळजवळ येत नाहीत आणि उपयोग तेवढाच होतो.

क्रिएटिनचीही तीच कथा आहे. पूरक आहारांत सर्वाधिक तपासलं गेलेलं आणि निरोगी माणसात चांगल्यापैकी सुरक्षित ठरलेलं हे द्रव्य आहे. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असल्यानं त्यांना फायदा अधिक दिसू शकतो. पण तेही रोज ३ ते ५ ग्रॅम घेत साठवायचं असतं. व्यायामाआधी वीस मिनिटं घेतलं म्हणून त्या दिवशी जोर वाढत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडाला इजा नसतानाही क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. तपासणीआधी डॉक्टरांना तसं सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

शिरा फुगवणारं सिट्रुलिन शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढवतं आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. ज्यांना रक्तदाबाची औषधं सुरू आहेत किंवा जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी लागते, त्यांचा रक्तदाब त्यामुळे जास्त उतरू शकतो. चेहरा लालबुंद होऊन तापतो तो बहुधा नायसिन या जीवनसत्त्वामुळे.

एकूण हिशेब असा, की डब्यातलं जे ताबडतोब जाणवतं त्यातलं फार थोडं कामाचं असतं, आणि कॅफिन सोडलं तर जे कामाचं आहे ते सहसा जाणवतच नाही. विक्री मात्र जाणवण्याची होते. म्हणून प्रत्येक नव्या डब्याला आधीच्यापेक्षा जास्त जाणवावं लागतं.

लेबलवर न दिसणारं

या चढाओढीचं टोक म्हणजे डीएमएए. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या एली लिली कंपनीनं नाक मोकळं करायचं औषध म्हणून हे उत्तेजक बाजारात आणलं. १९८३ मध्ये त्याची मान्यता संपली. २००६ च्या सुमारास तेच ‘जिरॅनियमच्या झाडात सापडणारं नैसर्गिक द्रव्य’ असं नाव घेऊन पूरक आहारात परतलं. ‘जॅक्ड’ हे प्री-वर्कआउट त्याच्यावरच गाजलं. २०११ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या काही जवानांच्या मृत्यूनंतर लष्करी दुकानांतून अशी उत्पादनं उचलण्यात आली. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तीस वर्षांची एक धावपटू शेवटच्या मैलात कोसळली आणि वारली. तिच्या पाण्याच्या बाटलीत याच पावडरीचा एक स्कूप होता. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं अतिश्रमाच्या जोडीला डीएमएएनं हातभार लावल्याचा निष्कर्ष काढला.

भारतात हे नाव त्याआधीच ऐकू आलं होतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या शंभर मीटर शर्यतीचं सुवर्णपदक नायजेरियाच्या ओसायेमी ओलुदामोलाकडून काढून घेतलं गेलं, ते याच द्रव्यामुळे. त्या सुमारास काही भारतीय खेळाडूंच्या चाचण्यांतही ते सापडलं.

‘जॅक्ड’ बनवणाऱ्या कंपनीचंच ‘ऑक्सिएलिट प्रो’ हे चरबी घटवणारं उत्पादन. त्यात पुढे डीएमएएऐवजी एजेलिन आलं. हे द्रव्य बेलाच्या झाडात असतं. महादेवाला वाहायच्या बेलाच्याच. डब्यात होतं ते मात्र कारखान्यात तयार केलेलं. २०१३ मध्ये हवाई बेटांवर हे उत्पादन घेणाऱ्या अनेकांना यकृताचा तीव्र दाह झाला, काहींवर यकृत-प्रत्यारोपणाची पाळी आली. ‘नैसर्गिक’ आणि ‘वनस्पतिजन्य’ हे शब्द वाचून निर्धास्त होणाऱ्या आपल्यासारख्या समाजानं हे प्रकरण विसरू नये.

ही सगळी जुनी गोष्ट झाली असंही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासणीत ताकद वाढवणाऱ्या वनस्पतिजन्य घटकांची ५७ उत्पादनं प्रयोगशाळेत पारखली गेली. २३ उत्पादनांत लेबलवरचा घटक सापडलाच नाही, आणि ७ उत्पादनांत बंदी असलेलं किमान एक द्रव्य सापडलं.

आपल्या राज्यात तर गाडी डब्याच्याही पुढे गेली आहे. मेफेंटरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात. व्यायामाआधी ते टोचून घेणाऱ्या तरुणांना ते बेकायदा विकणाऱ्यांवर पुण्यासह राज्यात काही ठिकाणी पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. त्याची सवय जडते, संशयाचे भ्रम होतात, हृदयाचे स्नायू कमजोर होतात. भारतीय डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या आहेत. पावडर घेणारा प्रत्येक जण सुईपर्यंत जात नाही, बहुसंख्य जात नाहीत. पण जो जातो, तो ‘आता याची किक बसत नाही’ या पायरीवरूनच पुढे जातो.

मग करायचं काय?

अठराच्या आतल्या मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, रक्तदाब, हृदयविकार किंवा चिंतेचा विकार असलेल्यांनी प्री-वर्कआउट घेऊच नये. इतरांनी घ्यायचंच ठरवलं तर लेबल वाचावं. प्रत्येक घटकाचं वजन वेगळं लिहिलेलं नसेल, सगळं ‘ब्लेंड’ या एका शब्दाखाली झाकलेलं असेल, तर डबा दुकानातच ठेवावा. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल तरीही तेच. तो क्रमांक असला म्हणजे आतल्या प्रत्येक चिमटीची हमी मिळते असं मात्र नाही. पहिल्यांदा अर्धाच स्कूप, भरपूर पाण्यातून, आणि दुपारनंतर शक्यतो नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूनं तर दहादा विचार करावा; शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच, नियमाला ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही.

व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, व्यायाम थांबवल्यावरही ठोके शांत होईनात, तर थेट दवाखाना गाठावा. व्यायामानंतर लघवीला कोलासारखा गडद रंग दिसला, तर स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांपासून डबा लपवू नये. सोबत घेऊन जावा.

आणि ‘एका स्कूपनं काही होत नाही’ हे वाक्य आपल्या किंवा आपल्या मुलाच्या तोंडी आलं, तर त्या दिवशी दुसरा स्कूप काढण्याऐवजी डबा बंद करावा. पहिले दोन दिवस डोकं दुखेल, कंटाळा येईल, वजन जड वाटेल. आठवडा-दीड आठवड्यात हे ओसरतं. मेंदूनं जोडलेली जादा बाकं हळूहळू निघतात आणि झोप परतते. आपल्या तालमींत ‘खुराक’ म्हणतात तो वर्षानुवर्षं अंगी लावायचा असतो. बदाम-दुधाचा पेला रिकामा झाल्यावर वीस मिनिटांत काय जाणवलं, असं कुणी पैलवानाला विचारत नाही. दहा दिवसांनी एक साधी कॉफी पिऊन वजनाला हात घाला. जे उचललं जाईल, ती तुमची आजची खरी ताकद. पुढचा व्यायाम तिच्यावरून ठरवायचा.

(पुढील लेखांकात : ‘फॅट बर्नर’ नेमकं काय जाळतात?)