दिल्ली पाहायला निघण्यापूर्वी

वीस-बावीस वर्षांपूर्वी आई-वडिलांना घेऊन मी पहिल्यांदा दिल्लीला गेलो. वडिलांनी माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला होता. दिल्लीत त्यांना मनापासून पाहायची होती ती एकच वास्तू, लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खास. पानिपतच्या मोहिमेत, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी या दालनाच्या छताचा चांदीचा पत्रा काढून सैन्याच्या खर्चासाठी त्याची नाणी पाडली, हे ते दरवर्षी वर्गात सांगत. ते छत एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्यांची इच्छा.

वेळ थोडा होता म्हणून आम्ही एका खासगी कंपनीच्या 'दिल्ली दर्शन' बसची तिकिटे काढली. एका दिवसात अकरा ठिकाणे. मे महिन्याच्या उन्हात कुठे वीस मिनिटे, कुठे अर्धा तास, आणि मधला सारा वेळ बसमध्ये. दुपार कलल्यावर बस लाल किल्ल्यासमोर उभी राहिली आणि मार्गदर्शकाने सांगितले, "आज सोमवार, किल्ला बंद. बाहेरून फोटो काढून घ्या." रात्रीची परतीची गाडी होती. 'पुन्हा येऊ' असे मी म्हणालो खरा. पण वडिलांचे ते येणे पुढे झाले नाही.

त्यानंतर कामानिमित्त आणि हौसेने अनेकदा दिल्लीला जाणे झाले. पहिल्यांदा दिल्लीला निघालेले स्नेही आता सल्ला विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी दोन प्रश्न विचारतो. कोणत्या महिन्यात जाणार? आणि कोणत्या वारी काय पाहणार? या दोन प्रश्नांची उत्तरे घरी बसून नीट काढली, की निम्मी सहल पार पडली असे समजावे.

ऋतूचा हिशेब

आपल्याकडे कुटुंबाच्या सहली ठरतात त्या शाळेच्या सुट्ट्यांवरून. म्हणजे मे महिना, दिवाळी आणि नाताळ. दिल्लीच्या दृष्टीने हे तिन्ही काळ अडचणीचे आहेत. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो आणि कित्येकदा ४५ अंशांच्या आसपास जातो. मुंबईच्या घामट उन्हाळ्याची सवय तिथल्या कोरड्या झळांपुढे कामी येत नाही. दिवाळीच्या आगेमागे, ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, हवेचे प्रदूषण वर्षातील सर्वांत वाईट पातळीवर असते. दमा असलेल्यांनी, वृद्धांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी या दिवसांत दिल्ली टाळलेलीच बरी. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत दाट धुके पडते. गाड्या आणि विमाने तासन्‌तास रखडतात.

सर्वांत उत्तम काळ म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. थंडी ओसरलेली, ऊन कोवळे आणि बागा फुललेल्या. राष्ट्रपती भवनातील 'अमृत उद्यान' (२०२३ पर्यंतचे 'मुघल गार्डन') सर्वसामान्यांसाठी खुले होते तेही साधारण याच सुमारास. परीक्षांमुळे ते शक्य नसेल, तर निदान सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा काळ पाहावा. आणि मे महिन्याला पर्यायच नसेल, तर सकाळी साडेदहापर्यंत व संध्याकाळी पाचनंतर फिरावे आणि दुपार संग्रहालयात किंवा मुक्कामी काढावी.

राष्ट्रीय सणांचाही विचार करावा. प्रजासत्ताक दिनाच्या आधीचे काही दिवस संचलनाच्या तालमींमुळे इंडिया गेटचा परिसर वरचेवर बंद असतो. स्वातंत्र्य दिनापूर्वी लाल किल्ला सुरक्षेसाठी पर्यटकांना बंद ठेवला जातो. केवळ स्थळे पाहायला जायचे असेल, तर हे दिवस वगळावेत.

सोमवारचा प्रश्न

दिल्लीत सोमवार हा सुटीचा वार आहे. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, बहाई पंथाचे कमळ मंदिर, अक्षरधाम ही सारी ठिकाणे सोमवारी बंद असतात. याउलट कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर आठवड्याचे सातही दिवस खुली असतात. सोमवारी दिल्लीत असलात, तर या दोहोंपैकी एक त्या दिवशी ठेवा. ताजमहाल मात्र शुक्रवारी बंद असतो, हे दिल्लीला जोडून आग्रा करणाऱ्यांनी विसरू नये.

आग्र्याविषयी थोडे स्पष्टच सांगायला हवे. आग्रा दिल्लीहून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. २०१२ मध्ये यमुना द्रुतगती मार्ग आणि २०१६ मध्ये गतिमान एक्स्प्रेस सुरू झाल्याने हा प्रवास सोपा झाला असला, तरी आग्र्याला पूर्ण एक दिवस लागतोच. तो वेगळा काढता येत नसेल, तर आग्रा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावे. दिल्लीच्या चार दिवसांतून आग्र्यासाठी एक दिवस उचलला, की दोन्ही शहरे अर्धवट राहतात.

आठ राजधान्यांचे एक शहर

दिल्ली म्हणजे एक शहर नव्हे. निरनिराळ्या राजवटींनी शेजारी-शेजारी वसवलेल्या सात राजधान्या आणि इंग्रजांनी उभारलेली आठवी, असे हे गाव आहे. महरौलीचा लालकोट, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, हुमायून-शेरशाहांचा पुराना किला, शाहजहानाबाद आणि शेवटी नवी दिल्ली. सर्वांत जुनी वस्ती दक्षिणेला आहे. पुढे राजधानी यमुनेच्या काठाकाठाने उत्तरेकडे सरकत गेली. इंग्रजांनी मात्र आपले शहर या दोन टोकांच्या मध्ये वसवले. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला हलवली, ती याच दक्षिण दिल्लीतून.

ही रचना ध्यानात घेतली, की आखणी सोपी होते. प्रसिद्ध ठिकाणांची यादी करून शहरभर धावण्यापेक्षा रोज एक विभाग घ्यावा. वेळ वाचतो, पाय कमी दुखतात आणि कोणत्या इमारतीनंतर कोणती आली याचा संदर्भही मनात राहतो.

या कामी मेट्रोसारखा सोबती नाही. कोकण रेल्वे उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांच्याच नेतृत्वाखाली दिल्ली मेट्रो साकारली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. आमच्या त्या पहिल्या सहलीच्या वेळी तिचे जाळे तोकडे होते. आज ते सर्वदूर पसरले आहे. पर्यटकाने पिवळा मार्ग तेवढा लक्षात ठेवावा. कुतुबमिनार, हौज खास, केंद्रीय सचिवालय, राजीव चौक, नवी दिल्ली रेल्वे स्थानक, चावडी बाजार, चांदनी चौक, सिव्हिल लाइन्स ही स्थानके या एकाच मार्गावर येतात. जामा मशीद, लाल किल्ला आणि हुमायूनच्या कबरीकडे जाणारे जवाहरलाल नेहरू स्टेडियम ही स्थानके जांभळ्या मार्गावर आहेत. मुक्काम पिवळ्या मार्गावरील एखाद्या स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर घ्यावा. खोलीचे भाडे थोडे अधिक पडले, तरी रिक्षा-टॅक्सीत ते भरून निघते.

चार दिवसांची आखणी

पहिला दिवस दक्षिणेचा. सकाळी उघडताच कुतुबमिनार गाठावा. मेट्रो स्थानकापासून तो चालण्यासाठी लांब आहे, रिक्षा करावी. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केलेला आणि इल्तुतमिशने पुढे नेलेला हा मिनार ७२.५ मीटर उंच आहे. आधीच्या पिढीतील अनेकांनी तो चढल्याच्या आठवणी आपण ऐकल्या असतील. पण १९८१ मध्ये जिन्यातील चेंगराचेंगरीत ४५ जणांचा मृत्यू झाल्यापासून आत प्रवेश बंद आहे. अंगणातील लोहस्तंभ मिनाराहून सुमारे आठशे वर्षांनी जुना, गुप्तकालीन आहे. शेजारच्या महरौली पुरातत्त्व उद्यानात तासभर चालावे आणि दुपारनंतर हौज खासच्या तळ्याकाठी फिरोजशहा तुघलकाचा मदरसा व कबर पाहावी.

दुसरा दिवस यमुनेच्या बाजूचा. हुमायूनची कबर १५७० च्या सुमारास पूर्ण झाली. ताजमहालाची ही पूर्वज म्हणता येईल. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर इंग्रजांच्या हाती लागला तो इथेच. समोरची 'सुंदर नर्सरी' ही बाग मुलांना मोकळे सोडायला आणि वृद्धांना टेकायला उत्तम जागा आहे. तिथून पुराना किला जवळ आहे. याच किल्ल्यातील शेर मंडल या इमारतीच्या पायऱ्यांवरून पडून १५५६ मध्ये हुमायूनचा अंत झाला. एकाच दिवसात त्याच्या मृत्यूची जागा आणि त्याची कबर दोन्ही पाहून होतात.

तिसरा दिवस शाहजहानाबादचा, आणि तो सोमवार नसावा. शाहजहानने आग्र्याहून राजधानी हलवून १६३९ ते १६४८ या काळात लाल किल्ला बांधला. मराठी माणसाने इथे घाई करू नये. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली, पुढच्या वर्षी शाहआलम बादशहा मराठ्यांच्या संरक्षणात तख्तावर परतला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव करीपर्यंत दिल्लीच्या राजकारणात मराठ्यांचा शब्द चालत होता. याच किल्ल्यात १८५८ मध्ये बहादूरशहावर आणि १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले. किल्ल्यातून निघून चांदनी चौकातील सीसगंज गुरुद्वारा आणि पुढे जामा मशीद पायी पाहावी. २०२१ पासून चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी असल्याने चालणे आता सुसह्य झाले आहे. मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो.

याच दिवशी संध्याकाळपूर्वी सिव्हिल लाइन्स स्थानकाजवळच्या २६, अलीपूर रोडला अवश्य जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे महापरिनिर्वाण झाले, ती ही जागा. राज्यघटनेचे प्रतीक म्हणून उघड्या ग्रंथाच्या आकाराची वास्तू इथे उभी असून, हे राष्ट्रीय स्मारक २०१८ मध्ये खुले झाले. सहल कंपन्यांच्या पत्रकांत त्याचे नाव अभावानेच आढळते.

चौथा दिवस नव्या दिल्लीचा. १९११ च्या दरबारात राजधानी कोलकात्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये ल्युटेन्स व बेकर यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या नगरीचे उद्घाटन झाले. इंडिया गेट, त्यालगतचे २०१९ मधील राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि पूर्वी राजपथ म्हणून ओळखला जाणारा कर्तव्यपथ सकाळी लवकर पाहावा. राष्ट्रपती भवन आतून पाहायचे तर संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी लागते. दुपारी जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची कांस्य नर्तिका पाहावी. जेमतेम दहा सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती घाईत नजरेतून निसटते. शेवट गांधी स्मृतीत करावा. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजी प्रार्थनेसाठी ज्या वाटेने निघाले, तिथे त्यांची पावले सिमेंटात जपली आहेत.

हे लक्षात ठेवा

* तिकिटावरील स्थानक नीट वाचा. नवी दिल्ली, जुनी दिल्ली आणि हजरत निजामुद्दीन ही तीन वेगळी व एकमेकांपासून दूर असलेली स्थानके आहेत. मुंबईहून ऑगस्ट क्रांती राजधानी निजामुद्दीनला जाते.
* विमानतळ ते नवी दिल्ली स्थानक अशी वेगळी मेट्रो आहे. रात्री उशिरा उतरणार असाल, तर तिची शेवटची वेळ आधी पाहा.
* स्थानकाबाहेर 'तुमचे हॉटेल बंद झाले' किंवा 'आज रस्ता बंद आहे' असे सांगणाऱ्यांकडे लक्ष न देता हॉटेलला स्वतः दूरध्वनी करा.
* मेट्रोत प्रवासाच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. कार्यालयीन वेळा टाळा.
* निघण्यापूर्वी प्रत्येक स्थळाची वेळ व सुटीचा वार अधिकृत संकेतस्थळावर तपासा.

वृद्ध मंडळी सोबत असतील, तर आणखी एक गोष्ट करावी. आखणीला बसण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे, 'तुम्हाला कोणती एक जागा पाहायचीच आहे?' ती जागा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, सकाळी, अंगात ताकद असताना ठेवावी. बाकी ठिकाणे राहिली तर राहू द्यावीत.

वडिलांच्या पश्चात मी दिवाण-ए-खाससमोर उभा राहिलो, तो मंगळवार होता. चांदी गेलेल्या त्या छताखाली फार गर्दी नव्हती. तिकिटे काढताना मी त्यांना तो एक प्रश्न विचारला असता आणि मग दिनदर्शिका पाहिली असती, तर त्या सोमवारी आम्ही कुतुबमिनारला गेलो असतो आणि परतीची गाडी एक दिवस पुढची घेतली असती.