दोघं, दहा वस्तू आणि ४९ दिवस: ‘अलोन’मधलं नवरा-बायकोचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचे इयरफोन बॅगेच्या तळाशी अडकलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय आहे सर्व्हायव्हल रिअ‍ॅलिटी शो, आणि त्यातही जोडीने जाणारे लोक. रील्समध्ये तुम्ही असल्या क्लिप पाहिल्याच असतील. कुणी दगडावर दगड घासतंय, कुणी किडे खातंय, आणि खाली कमेंट असते, ‘मी आणि माझी बायको असतो तर सहा महिने काढले असते’. तर आज हेच तपासू या. जंगलात एकाच्या जागी दोघं असली, तर तग धरणं सोपं होतं की अवघड?

आधी कार्यक्रम समजून घेऊ

जोडीने जंगलात जायचे कार्यक्रम बरेच झाले, पण सगळे एका जातीचे नाहीत. डिस्कव्हरीवर २०१० साली ‘मॅन, वुमन, वाइल्ड’ आला. त्यात मायकेल हॉक हा अमेरिकन लष्कराच्या विशेष दलातला माजी सैनिक आणि त्याची बायको रूथ इंग्लंड, ही ब्रिटिश टीव्ही पत्रकार. खरं नवरा-बायकोचं जोडपं, पण सोबत कॅमेऱ्याची टीम. मग २०१३ मध्ये ‘नेकेड अँड अफ्रेड’ आला. त्यात एक बाई, एक पुरुष, अंगावर कपडे नाहीत आणि मुदत २१ दिवस. पण ते दोघं एकमेकांना आधी ओळखतही नसतात.

आपण बोलणार आहोत ते हिस्टरी चॅनेलच्या ‘अलोन’बद्दल. हा २०१५ पासून सुरू आहे. यात कॅमेरामन नसतो, शूटिंग स्पर्धकानेच करायचं. शेवटची तारीखही ठरलेली नसते. सगळ्यात शेवटी जो उरेल तो जिंकला. सोबत एक सॅटेलाइट फोन. ‘बास, आता न्या मला’ असं वाटलं की फोन करायचा, माणसं येऊन घेऊन जातात.

२०१७ मध्ये दाखवलेल्या चौथ्या सीझनमध्ये त्यांनी नियम बदलले. एकेकट्याऐवजी सात जोड्या. चार जोड्या भावाभावांच्या, दोन बाप-लेकाच्या, आणि नवरा-बायकोची जोडी फक्त एक: अलास्कात राहणारे ब्रुक आणि डेव्ह व्हिपल. बक्षीस ५ लाख डॉलर, पण जोडीला मिळून.

नियम बघा. एक, दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी सोडलं. एकजण मुक्कामाच्या जागी, दुसरा तिथून साधारण १६ किलोमीटर लांब. हातात होकायंत्र, आणि कोणत्या दिशेला जायचं एवढीच माहिती. दोन, वस्तू दहाच, त्याही दोघांत मिळून. तीन, आणि हा सगळ्यात कडक: दोघांपैकी एकाने जरी हार मानली, तरी दोघंही बाहेर.

काही जोड्या तर एकमेकांना भेटायच्या आतच बाद झाल्या. व्हिपल जोडप्याने ४९ दिवस काढले आणि ते तिसरे आले. जिम आणि टेड बेअर्ड हे भाऊ ७५ व्या दिवशी जिंकले.

जागा कशी होती?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हँकुव्हर बेट, त्याचा उत्तरेकडचा भाग. ‘जंगल’ म्हटल्यावर आपल्याला ऊन, तहान, वाळवंट आठवतं. इथे उलट. इथे पाणी इतकं आहे की तेच शत्रू. आपल्याकडे पावसाळा उन्हाळ्यानंतर येतो, तिकडे ऐन थंडीतच धो-धो पाऊस. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. झाडं प्रचंड, खाली सगळं शेवाळलेलं, लाकूड आतपर्यंत भिजलेलं. शिवाय अस्वलं, लांडगे आणि कूगर म्हणजे डोंगरी सिंह.

बर्फातल्या कोरड्या थंडीपेक्षा ही ओली थंडी शरीराला जास्त दमवते. कारण सोपं आहे. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. कपडे भिजले की त्यांच्यातली उबदार हवा जाते आणि तिथे पाणी बसतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. मग बोटं चालत नाहीत, गाठ मारता येत नाही, काडी पेटवता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोकं चालेनासं होतं, आपण धोक्यात आहोत हेच कळत नाही.

रूमचं भाडं आणि मेसचा डबा

आता मुख्य गणित. पुण्यात किंवा मुंबईत रूम शेअर केलेल्यांना हे लगेच कळेल. रूम पार्टनर आला की भाडं निम्मं होतं. वायफाय निम्मं, गॅस निम्मा. पण मेसचे डबे? ते दोनच लागतात.

जंगलात अगदी हेच होतं. निवारा एकदाच बांधायचा, मग त्यात एक झोपो की दोन. शेकोटी एकच. एक झोपला तर दुसरा ती जागती ठेवतो. पाणी उकळायचं भांडं एकच. रात्री दोन शरीरांची ऊब असते. हा सगळा ‘भाड्या’चा भाग, इथे जोडीचा फायदाच फायदा. एकजण पडला, कुऱ्हाड लागली, तर बघायला दुसरा आहे, हाही मोठा आधार.

पण अन्न हा ‘डब्या’चा भाग. किनाऱ्याचा तेवढाच तुकडा, त्यातले तेवढेच मासे, खडकाला चिकटलेल्या तेवढ्याच लिंपेट नावाच्या छोट्या शिंपल्या. खाणारी तोंडं मात्र दोन. दोघं मिळून दुप्पट शोधू शकतात हे खरं, पण किनाऱ्यावर असलेलं अन्न काही दुप्पट होत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. समुद्राकाठी राहिलं म्हणजे दिसेल ते खाता येत नाही. तिसऱ्या, कालवं यांच्यासारखे जीव पाणी गाळून खातात, आणि पाण्यात विषारी शैवाल वाढलेलं असेल तर ते विष त्यांच्या अंगात साठतं. शिजवूनही ते जात नाही. लिंपेट खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, म्हणून तो धोका त्यांच्यात बराच कमी. पण एकेकीत मांस किती? नखाएवढं.

एक मासा, दोन माणसं: वाटणी कशी करायची?

इथे खरी गंमत आहे, आणि जरा आकडेमोड. हे आकडे व्हिपल जोडप्याचे नाहीत, मी फक्त समजावायला घेतलेत.

समजा दोघांपैकी मोठ्या शरीराचा माणूस रोज २,६०० कॅलरी जाळतो आणि लहान चणीचा १,९००. दोघांना मिळून रोज १,००० कॅलरी अन्न मिळतं. आपण काय करू? निम्मं-निम्मं, ५००-५००. प्रेमाने, अगदी न्यायाने.

मग तूट किती? मोठ्याची २,१०० आणि लहान चणीच्याची १,४००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. म्हणजे ४९ दिवसांत एकाचं वजन साधारण १३ किलो उतरेल आणि दुसऱ्याचं ९ किलो. प्रत्यक्षात उपासमारीत शरीर आपला खर्च कमी करतं, त्यामुळे आकडे थोडे खाली येतील, पण फरक राहतोच.

आता तो कडक नियम आठवा: एक बाहेर तर दोघंही बाहेर. म्हणजे जोडीचं आयुष्य दोघांच्या सरासरीवर ठरत नाही, आधी खचेल त्याच्यावर ठरतं. ताटात सारखं वाढलं तर मोठ्या शरीराचा माणूस आधी खचतो. आणि त्याला जास्त वाढायचं तर दुसऱ्याने रोज भुकेल्या पोटी, त्याच्या तोंडात जाणारा घास बघत बसायचं. संसारात ‘तू खा, मला भूक नाही’ हे वाक्य किती सहज म्हणतो आपण! तिथे त्या वाक्याची किंमत किलोत मोजली जाते.

भूक डोक्याचं काय करते?

दोघं प्रेमाने राहिली तर निभावेल, असं वाटतं ना? भूक त्या प्रेमालाही सोडत नाही. याचा अभ्यास झालाय. १९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर प्रयोग केला. हे सगळे स्वेच्छेने आलेले, धडधाकट, आणि युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले शांततावादी. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं, हे शोधायचं होतं.

त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शाने घटलं. पण आपल्यासाठी महत्त्वाचं ते पुढचं. ती शांत मुलं चिडचिडी झाली. हसणं-विनोद संपले. एकएकटी राहू लागली. प्रेमात, शरीरसंबंधात रस उरला नाही. दिवसरात्र अन्नाचाच विचार, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे. आणि लक्षात घ्या, त्यांना रोज दीड हजारच्या आसपास कॅलरी मिळत होत्या, डोक्यावर छप्पर होतं आणि अस्वल नव्हतं.

म्हणून या कार्यक्रमांत जोडीदार एकमेकांवर खेकसताना दिसले की लगेच ‘यांचं पटत नाही’ असा निकाल देऊ नका. बऱ्याचदा ते बोलणं माणसाचं नसतं, रिकाम्या पोटाचं असतं.

मग एकटं बरं का?

तसंही नाही. तिसऱ्या सीझनचं उदाहरण घ्या. पातागोनियात कार्ली फेअरचाइल्ड एकटीने ८६ दिवस राहिली. तिने स्वतः फोन केला नव्हता. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिला बाहेर काढलं, कारण तिचा बीएमआय १७ च्या खाली गेला होता. मागे फक्त झॅकरी फाउलर उरला होता, तो ८७ व्या दिवशी जिंकला. एकट्याला आपण किती वाळलोय ते दिसत नाही. रोजचं स्वतःचं शरीर रोजच्यासारखंच वाटतं.

जोडीत समोर आरसा असतो. नवऱ्याच्या गालाची हाडं वर आलेली बायकोला दिसतात. तिचे डोळे खोल गेलेले त्याला दिसतात. इथे जोडपं भावांपेक्षाही नाजूक जागी असतं. घर एक, कर्ज एक, पुढचं आयुष्य एक. स्वतःला पणाला लावणं माणसाला जमतं. समोरच्याला रोज थोडं थोडं संपताना बघत ‘अजून एक दिवस काढू’ म्हणणं फार अवघड. म्हणून फोन उचलणं ही मला हार वाटत नाही. ब्रुक व्हिपल तर पुढच्याच सीझनला मंगोलियात पुन्हा गेली, आणि तेव्हा एकटी.

‘सगळं स्क्रिप्टेडच असतं ना?’

हा प्रश्न येणारच. संपादन असतं. कित्येक तासांचं शूटिंग कापून चाळीस मिनिटांत बसवतात, संगीत घालतात, शांत दिवस गाळतात आणि भांडण ठेवतात. अधूनमधून वैद्यकीय तपासणी होते, त्यामुळे जीव अगदी वाऱ्यावर सोडलेला नसतो. पण घटलेलं वजन संपादनाने आणता येत नाही. ते खरंच असतं.

आपल्या कामाचं काय?

कॅनडाला आपण जाणार नाही, पण जुलैत हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीला जोडीने जाणारे तुमच्यात खूप असतील. तर दोन गोष्टी घेऊन जा. एक, पावसात जीन्स आणि सुती टी-शर्ट घालू नका. ते पाणी धरून ठेवतात. कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या. जोडीदार थरथरतोय, अडखळत बोलतोय, असं दिसलं की फोटो राहू द्या. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे बदला.

दोन, निघण्याआधी, पोट भरलेलं असताना आणि डोकं शांत असताना, ठरवा की परत फिरायचं कधी. किती वाजता, किती पाऊस असेल तर, आणि हा निर्णय कुणाचा. माझ्या मते नियम ‘अलोन’चाच ठेवावा: दोघांपैकी एक जरी ‘परत जाऊ’ म्हणाला, तरी दोघांनीही वळायचं. आणि उतरताना टोमणे मारायचे नाहीत.

तुम्ही तुमच्या जोडीदाराबरोबर किती दिवस टिकाल? आणि आधी फोन कोण उचलेल? आज रात्री जेवताना विचारून बघा. पुढच्या भागात भेटू!