सुकी मासळी आणि ओले हात

साजगावची कार्तिकातली जत्रा म्हटली की खोपोली-खालापूरच्या घराघरांत आधी आठवते ती सुकी मासळी. बोंबल्या विठोबाच्या या जत्रेत बोंबील, सोडे, जवळा, खारे बांगडे यांचा बाजार भरतो आणि धर्म-जात न पाहता सगळेच पिशव्या भरतात. आपल्या दस्तरखानावरही ही मासळी आवडीने येते.

ती टिकते उन्हामुळे आणि मिठामुळे. जंतूंना वाढायला पाणी लागते. पाणी काढून घेतले की त्यांची वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. बोंबील भिजत घातले की त्यांना पुन्हा पाणी मिळते. म्हणून भिजवलेली मासळी ताज्या मासळीसारखीच समजावी आणि लगेच पूर्ण शिजवावी.

खरेदी करताना मासळी कोरडी, कडक आहे ना ते पाहावे. ओलसर किंवा बुरशीचे डाग असलेली घेऊ नये. बुरशीचे काही विष तळूनही जात नाही. बांगडा वाळवण्याआधी उष्णतेत पडून राहिला असेल, तर त्यात हिस्टामिन तयार होते. तेही मिठाने किंवा शिजवण्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणे, खाज, डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांकडे जावे. घरी आणलेली मासळी उन्हे देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्यात ओला हात घालू नये.

मासळी साफ केल्यावर विळी, पाट आणि हात साबणाने धुवावेत. त्याच विळीवर न धुता कांदा-कोथिंबीर चिरली, तर जंतू थेट कचुंबरीत जातात. शिजवलेला भात, सालन दोन तासांहून अधिक काळ ओट्यावर राहू देऊ नये, फ्रीजमध्ये ठेवावे. भातातील काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्री भांडी झाकून ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण इथेही कामाची आहे.

जुलाब-उलट्या झाल्याच, तर ओआरएस द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळावे. चमचा चहाचा घ्यावा. तान्ह्याचे दूध बंद करू नये. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त आले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.