कमकुवत भाग कमकुवतच का राहतो? आणि त्याला कामाला कसं लावायचं?

आजच्या भागात बरेच आकडे आले. बसमध्ये किंवा लोकलच्या गर्दीत ऐकताना आकडे निसटतात, म्हणून सगळं इथे लिहून ठेवलंय. बोलल्यासारखंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न साधारण एकच असतो. "जिमला जाऊन वर्ष झालं, बाकी सगळं ठीक आहे, पण छाती येत नाही." कुणाची पोटरी, कुणाचा डावा दंड, कुणाची पाठ. आणि यावर जिममध्ये मिळणारं उत्तरही ठरलेलं: "अजून दोन व्यायाम वाढव."

माझं म्हणणं वेगळं आहे. कमकुवत भाग बहुतेक वेळा व्यायाम कमी पडला म्हणून मागे राहत नाही. व्यायाम चालू असतानाही शरीर त्या भागाला काम देत नाही, म्हणून तो मागे राहतो.

शरीर म्हणजे हुशार लोड बॅलन्सर

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे आमच्या भाषेत सांगतो. तीन सर्व्हर आहेत, त्यातला एक हळू चालतो. लोड बॅलन्सर काय करतो? गुपचूप जास्त काम बाकीच्या दोघांकडे वळवतो. बाहेरून बघणाऱ्याला वेबसाइट मस्त चालू दिसते. हळू सर्व्हर मात्र तसाच पडून राहतो.

शरीर अगदी हेच करतं. बेंच प्रेसमध्ये वजन वर जाणं हे शरीराचं ध्येय. ते छातीनं गेलं की ट्रायसेप्स आणि खांद्यांनी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लॅट पुलडाउनमध्ये पाठ आळशी असेल तर दंड ओढून घेतात. दोन्ही पायांवर बैठक मारताना एक पाय कमजोर असेल, तर दुसरा मुकाट्यानं जास्त वजन घेतो. तुम्हाला वाटतं पन्नास बैठका झाल्या. झाल्याच, पण दोन्ही पायांच्या वाट्याला सारख्या नाही आल्या.

स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडलेल्या ताणामुळे. ताणच दुसऱ्यानं घेतला, तर तो कशाला वाढेल?

माझा डावा पाय

हे मला इतकं जवळून कळलं ते गुडघ्यामुळे. टर्फवर फुटबॉल खेळताना डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा एक महत्त्वाचा लिगामेंट, तुटला. ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी फिजिओ ताईंनी शिंप्याची टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या, वाटीच्या वर १० सेंमी अंतरावर. डावी मांडी उजवीपेक्षा ३ सेंमी बारीक.

मग त्यांनी दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवले, प्रत्येक काट्यावर एक पाय, आणि खुर्चीवर बसल्यासारखं अर्धं खाली जाऊन थांबायला सांगितलं. माझं वजन ६८ किलो. उजवा काटा ४० दाखवत होता, डावा २८. मला मात्र आतून अगदी सरळ उभा आहे असंच वाटत होतं! लोड बॅलन्सर चालू होता.

असं होण्याचं एक कारण आहे. गुडघ्याला दुखापत झाली, आत सूज आली, की मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, मिळणारा मज्जातंतूंचा संदेशच शरीर कमी करतं. एक प्रकारचं संरक्षण म्हणा. पण सूज उतरल्यावरही सवय राहते, आणि तेवढ्यात स्नायू बारीक झालेला असतो.

यात माझ्यासाठी पणाला काय होतं, तर पुन्हा खेळणं. एसीएलच्या ऑपरेशननंतर मैदानात परतण्याआधी साधारणपणे एक निकष लावतात: ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. २०१६ साली डेलावेअर आणि ऑस्लोच्या संशोधकांनी अशा रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं पुढे ढकललं आणि दोन्ही क्वाड्रिसेप्सची ताकद जितकी सारखी होती, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका कमी दिसला. म्हणजे मांडीचे ते ३ सेंमी आरशासाठी नव्हते. दुसरं ऑपरेशन टाळण्यासाठी होते.

ही गोष्ट ८० वर्षं जुनी आहे

गंमत म्हणजे आज आपण जिममध्ये जे "१० रेप्सचे ३ सेट" करतो, त्याची मुळं याच दुखण्यात आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली लष्करी रुग्णालयं गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांनी भरली होती. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये थॉमस डीलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. ते स्वतः वजनं उचलणारे. त्या काळी अशा रुग्णांना हलके, पुष्कळ रेप्सचे व्यायाम देत. डीलॉर्म यांनी कमजोर पायाला लोखंडी बूट बांधून जड वजन उचलायला लावलं, आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत नेलं. १९४५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

सुरुवातीला ते ७ ते १० सेट करवून घेत. १९४८ पर्यंत त्यांच्या आणि वॉटकिन्स यांच्या लक्षात आलं की इतक्यांची गरज नाही, तीन पुरतात. जे वजन जेमतेम १० वेळा उचलता येतं ते शोधा. पहिला सेट त्याच्या निम्म्यानं, दुसरा पाऊण वजनानं, तिसरा पूर्ण वजनानं. इथे वजन ठरतं ते त्या कमजोर पायाच्या कुवतीवर, आणि काम करतो तो पायच. दुसऱ्याला मदतीला यायची सोयच नाही.

आपल्या तालमीतल्या जोर-बैठका उत्तमच आहेत, पण त्या दोन्ही बाजूंनी एकदम होतात. एक बाजू मागे असेल तर ती तिथे लपते.

आता काय करायचं? सहा गोष्टी

१. आधी मोजा. "डावा दंड बारीक वाटतो" हे मोजमाप नाही. टेपनं घेर मोजा, दर वेळी त्याच जागी. मग एका हातानं किंवा एका पायानं १० रेप्सचं वजन शोधा. माझं एका पायाच्या लेग प्रेसवर डावा २०, उजवा ३५ किलो होतं. म्हणजे डावा उजव्याच्या ५७ टक्के. थोडा फरक सगळ्यांनाच असतो, त्याची चिंता नको.

२. पळवाट बंद करा. एक बाजू मागे असेल तर एका बाजूचे व्यायाम: स्प्लिट स्क्वॉट, एका पायाची लेग प्रेस, पायरीवरून हळू उतरणं, एका हाताचं डंबेल रोइंग. छाती मागे असेल तर बेंच प्रेसआधी डंबेल किंवा केबल फ्लाय, कारण तिथे ट्रायसेप्सला फारसं काम नसतं. पाठीसाठी छाती टेकवून रोइंग करा, कोपर मागे नेण्यावर लक्ष ठेवा. झटका देऊन वजन फेकलंत की लोड बॅलन्सर पुन्हा चालू.

३. कमकुवत भाग पहिला. व्यायामशाळेत शिरल्यावर पहिली वीस मिनिटं त्याची. जो व्यायाम आधी होतो, त्यात ताकद जास्त वाढते. बाजूंचा फरक असेल तर कमजोर बाजू आधी, आणि तिनं जितके रेप्स केले तितकेच चांगल्या बाजूनं. ती दहावर थांबली की चांगल्या बाजूनंही दहावरच थांबायचं, जीव असला तरी!

४. आठवड्याचे सेट मोजा. २०१७ साली १५ अभ्यास एकत्र तपासून केलेल्या विश्लेषणात दिसलं की एका स्नायूला आठवड्याला १० किंवा जास्त सेट मिळाले, तर पाचपेक्षा कमी सेटच्या तुलनेत वाढ जास्त होते. म्हणून त्या भागाला १० ते १२ सेट, दोन दिवसांत वाटून. सेट शेवटी अवघड व्हायला हवा, म्हणजे अजून एखाद-दोनच रेप्स निघाले असते इतपत. ८ रेप्सचं जड वजन असो की २५-३० रेप्सचं हलकं, सेट थकव्याच्या जवळ नेला तर स्नायू दोन्हीनं वाढतो. म्हणजे घरी डंबेलची एकच जोडी असली तरी अडत नाही.

५. बाकीच्या भागांना थोडी रजा द्या. सगळंच वाढवलं तर सावरायला वेळ उरत नाही. बनलेला स्नायू टिकवायला बनवण्यापेक्षा खूप कमी काम लागतं. २०११ सालच्या एका अभ्यासात २० ते ३५ वयाच्या लोकांनी आधीच्या एक तृतीयांश व्यायामावर कमावलेला स्नायू ३२ आठवडे टिकवला. त्यामुळे दोन-तीन महिने दंड कमी केलेत म्हणून ते पळून जाणार नाहीत.

६. लिहून ठेवा, हळूच वाढवा. तारीख, वजन, रेप्स. फोनमधलं नोट्स ॲप पुरे. ठरलेल्या वजनानं सलग दोन वेळा १२ रेप्स नीट झाले की अडीच किलो वाढवा. पहिले काही आठवडे वजन वाढेल पण घेर वाढणार नाही. घाबरू नका. आधी मज्जातंतू शिकतात, स्नायू मागून येतो. टेप महिन्यातून एकदाच बाहेर काढा.

प्लास्टरमध्ये असाल तर

हात किंवा पाय प्लास्टरमध्ये आहे, डॉक्टरांनी हलवायला मनाई केलीय? डॉक्टरांची हरकत नसेल तर चांगल्या बाजूचा व्यायाम चालू ठेवा. एका बाजूला कमावलेल्या ताकदीचा थोडा वाटा न हललेल्या बाजूलाही मिळतो. १८९४ साली येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाहिलं होतं: सराव उजव्या हाताचा, ताकद डाव्याचीही वाढली. मेंदू दोन्ही बाजूंचा एकच ना!

खाण्याचं गणित

स्नायू हवेतून येत नाही. २०१८ साली ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यानुसार व्यायाम करणाऱ्यांना दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही. माझ्या ६८ किलोला ते १०९ ग्रॅम. माझा हिशेब असा: चार अंडी २४ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, पनीर १०० ग्रॅम म्हणजे १८, कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम म्हणजे २५. झाले ८३. उरलेले आमटी, मटकीची उसळ, पोळ्या आणि शेंगदाण्यांतून येतात. पावडर घेतलीत तरी चालेल, पण ती दुधापासून काढलेली प्रथिनंच आहेत, जादू नाही.

काय बदलत नाही, आणि डॉक्टर कधी

पोटरीचा स्नायू वर संपतो की खाली उतरतो, बायसेप्सला टोक येतं की तो लांबट राहतो, हे बरंचसं आईवडिलांकडून आलेलं. स्नायू मोठा होतो, जागा बदलत नाही. स्वतःशी तुलना करा, रीलमधल्या माणसाशी नको.

आणि एक गंभीर गोष्ट. एखादा हात किंवा पाय कारण नसताना बारीक होत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, अचानक जोर गेला असेल, गुडघा अडकत किंवा सुजत असेल, तर हा भाग बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. नस दबली असेल तर डंबेल हे त्याचं औषध नाही.

माझ्या पायाचं म्हणाल तर पाच महिने झाले. फरक आता ३ सेंमीवरून १ सेंमीवर आलाय. लेग प्रेसवर डावा ४५, उजवा ५०. भागाकार केला तर बरोब्बर ९० टक्के येतात, पण लेग प्रेसमध्ये नितंबही मदत करतात, म्हणून क्वाड्रिसेप्सची वेगळी मशीन टेस्ट आणि एका पायावर उड्या मारायची टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. त्या होईपर्यंत बूट कपाटातच.

तुमचा या आठवड्याचा गृहपाठ: एकच भाग निवडा. टेपनं मोजा, एका बाजूचं १० रेप्सचं वजन शोधा, दोन्ही आकडे फोनमध्ये लिहा. व्यायाम बदलायचा तो त्यानंतर. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!